परमिट जे. बी. गावंडे यांच्या नावे

देऊळघाट
रविवार, ५ जानेवारी २०२५

बाबा,

साष्टांग नमस्कार. प्रत्यक्ष घातला असता, पण तुम्ही समोर उभे राहत नाही आणि कालपासून माझे गुडघे धरलेत, म्हणून कागदावरच मानून घ्या.

पत्र बघून आई घाबरेल. तिला सांगा, छकुली ठणठणीत आहे. तुम्ही फोन उचलत नाही. आईच्या फोनवर केला की मागून तुमचा खोकला ऐकू येतो आणि आई म्हणते, "ते वावरात गेले." वावरात गेलेला माणूस घरात कसा खोकतो, हे मी तिला विचारत नाही. तिला धड खोटं बोलता येत नाही आणि तुम्ही तिला त्याच कामाला लावलंय. म्हणून म्हटलं पत्र लिहावं. फोन कापता येतो, पत्र कापता येत नाही. शिवाय लिहिलेला कागद समोर आला की तुम्ही वाचल्याशिवाय राहत नाही, भजी बांधून आलेला पेपरसुद्धा तेलासकट वाचता. चष्म्याचा नंबर वाढला असं आई म्हणाली, त्यामुळे अक्षर मोठं काढते आहे.

आज तुमच्या अबोल्याला सत्तावीस दिवस झाले. नऊ डिसेंबरला मी नाल्याजवळच्या डीपीच्या तारांवर चोरून टाकलेले अकरा आकडे काढले आणि त्यात एक आपला होता. इथं हे सांगते तेव्हा लोक आधी हसतात, मग विचारतात, बापाचा आकडा होता हे ठाऊक होतं का? मी म्हणते, ठाऊक नसायला काय झालं, सगळ्यात नीट बांधलेला तोच होता. खरंच बाबा, बाकीच्यांनी नुसती तार वाकवून टांगली होती. तुमच्या आकड्याला बांबूची काठी, वर सायकलच्या ट्यूबचं रबर, सगळं कसं देखणं! मीटर नाही, बिल नाही, आणि पाच हॉर्सपॉवरची मोटर धो धो चालू. अकरा जण असे लटकले होते म्हणून ती डीपी दर दोन दिवसांनी फ्यूज उडवत होती आणि ज्यांनी रीतसर कनेक्शन घेतलं होतं त्यांचाच हरभरा वाळत होता.

गाव हसलं ते मला माहीत आहे. "भगवानरावच्या पोरीनंच भगवानरावचा आकडा काढला." पण दहा जणांचे काढून आपला ठेवला असता, तर गाव हसलं नसतं, बोललं असतं. ते तुम्हाला चाललं असतं का?

आठ दिवस तुम्ही भिंतीकडे तोंड करून जेवलात. नवव्या दिवशी मी साहेबांकडे अर्ज दिला आणि इकडे तात्पुरती बदली मागून घेतली. खरं कारण सांगितलं नाही. बुलढाण्याची हवा चांगली आहे असं सांगितलं.

हवा खरंच चांगली आहे. घरमालकीण सिंधूताईंच्या मागच्या खोलीत राहते. त्या वांगी, मेथी, कोथिंबीर लावतात आणि भल्या सकाळी बुलढाण्याला विकायला नेतात. रोज मला बळजबरीनं जेवायला घालतात. "खांबावर चढतं अन खातं पाखरावानी? घे हा ठेचा." मी दोन घरं सोडून सगळ्या गावाला माहीत झाले आहे. पहिल्या दिवशी एका गल्लीत हेल्मेट घालून गेले, तर ओट्यावरचे आजोबा म्हणाले, "लाईनमन नाई आला काय?" मी म्हटलं, आलाय ना, हा काय. त्यांनी माझ्या मागं पाहिलं, मग खांबाच्या मागं पाहिलं. मी वर चढून तार जोडून खाली येईपर्यंत ते लाईनमनची वाट बघत होते.

आता कामाचं. ही बदली तीन महिन्यांचीच आहे. अठ्ठावीस फेब्रुवारीच्या आत मला फॉर्म भरून द्यायचा आहे: कायम देऊळघाट, की परत पिंपळगाव राजा. एकदा भरला की पाच वर्षं हलता येत नाही. तुम्ही फक्त "ये" म्हणालात तर मी येते. नाही म्हणालात तर इथं राहीन, आनंदात राहीन, तुमची आठवणसुद्धा काढणार नाही.

सध्या काढते आहे. अजून फॉर्म भरलेला नाही ना.

तुमची
छकुली


देऊळघाट
बुधवार, १५ जानेवारी

बाबा,

तिळगूळ घ्या, गोड बोला. गोड जमत नसेल तर नुसतं बोला.

आईनं फोनवर सांगितलं की पत्र आलं, तुम्ही ते दोनदा वाचलं आणि मग म्हणालात, "अक्षर काऊन एवढं मोठं काढलं, मी काय आंधळा झालो?" म्हणजे पोचलं. आज अक्षर जरा बारीक काढते.

संक्रांतीची सुट्टी कशीबशी मिळाली होती, तर दिवसभर लोळत एकच गोष्ट मनात घोळत होती. लहानपणी मला वाटायचं, वीज तुमच्या फोनमध्ये राहते. लाईन गेली की थोड्या वेळानं आपल्या ओसरीवर पंधरा-वीस माणसं जमायची. तुम्ही चहा पूर्ण पिणार, मिशी पुसणार आणि मग फोन लावणार, तोही स्पीकरवर. "मी भगवानराव बोलून राह्यलो. लाईन काऊन नाई?" आणि जरा वेळानं लाईट यायचा! लोक म्हणायचे, "भगवानरावची पावर पाह्यली का बे?" तुम्ही ना सरपंच, ना कुठल्या सोसायटीचे अध्यक्ष. सत्ता नाही, पद नाही, शिक्का नाही, पण वट अशी की गावात लग्न ठरवायचं तरी आधी तुमच्या कानावर घालायचे. मी शाळेत मिरवायचे, माझ्या बाबांची पावर आहे म्हणून.

पुढं सबस्टेशनला जायला लागले तेव्हा कळलं, तो लाईट तसाही येणारच असायचा. फॉल्ट निघाला की ऑपरेटर लाईन सोडतो, फोन येवो न येवो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरची गोष्ट घरात.

खामगावला आयटीआयमध्ये पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर लिहिलं होतं, शक्ती म्हणजे काम करण्याचा वेग. तेच काम जो कमी वेळात करतो त्याची शक्ती जास्त. मी वहीत उतरवलं आणि मनात म्हटलं, आई अर्ध्या तासात वीस भाकरी थापते, सोबत चूल, वरण आणि म्हशीवर ओरडणं. तेवढ्याच वेळात बाबांचा एक चहा होतो. सूत्र लावून आपल्या घरात पावर कोणाची, ते तुम्हीच काढा. आईला उत्तर सांगू नका, डोक्यावर बसेल.

कडूबाकाकांचं शास्त्र आणखी निराळं. आमच्याच लाईनवर तीस वर्षं काढून अजून खांबावर चढतात ते. ते म्हणतात, "ताकद हातात पायजे, हिंमत पायात पायजे, अन अक्कल कुठंही असली तरी चालते, फकस्त घरी विसरून येऊ नोको."

पण खरी पावर मी पाहिली ती एका कागदावर. तुम्हाला परमिट ठाऊक आहे का? लाईनवर चढायचं तर आधी सबस्टेशनला परमिट घ्यावं लागतं. ऑपरेटर फिडर बंद करतो आणि रजिस्टरला नाव, वेळ लिहितो. मग ती लाईन पुन्हा चालू करण्याचा अधिकार कोणाला? ज्याच्या नावावर परमिट, त्याला एकट्याला. त्यानं खाली उतरायचं, आपली माणसं मोजायची आणि स्वतःच्या तोंडानं सांगायचं, काम झालं, सगळे उतरले, लाईन सोडा. तोवर कोणीही सांगून उपयोग नाही. मोठे साहेब नाहीत, साहेबांचे साहेब नाहीत.

नऊ डिसेंबरला माझ्या नावावर पहिलं परमिट निघालं. रजिस्टरला लिहिलं, जे. बी. गावंडे. जयमाला भगवानराव. सव्वादोन तास नऊ गावांची वीज माझ्या एका शब्दासाठी थांबली होती. एवढी पावर तर तुमचीही कधी नव्हती! मला हे तुम्हाला घरी येऊन सांगायचं होतं. पिंपळगाव राजाच्या स्टँडवरून पेढे घेतले होते. घरी आले तर तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसलेले. ते पेढे आईनं मुंग्या लागेपर्यंत ठेवले.

एक कबूल करायचं राहिलं, ते करून टाकते. नोकरी लागली तेव्हा तुम्ही अट घातली होती, पोरीच्या जातीनं खांबावर चढायचं नाही, ऑफिसात बसून लिहायचं काम मागून घ्यायचं. मी हो म्हटलं. आणि चार महिने रोज संध्याकाळी तुम्हाला सांगत राहिले की आज रजिस्टरं लिहिली, आज बिलं लावली. खरं म्हणजे दुसऱ्या आठवड्यापासून मी वरच होते. त्या दिवशी सकाळीसुद्धा डबा घेताना म्हणाले होते, आज दिवसभर ऑफिसात आहे. आकड्याचा राग आहे की खोटं बोलल्याचा, एवढं तरी कळू द्या. आकड्याचा असेल तर मी माफी मागणार नाही. खोट्याचा असेल तर मागते. चुकलंच माझं.

छकुली


देऊळघाट
रविवार, २ फेब्रुवारी

बाबा,

आज नमस्कार नाही.

काल प्रसेनजित भेटला. आपल्या सबस्टेशनचा ऑपरेटर, ट्रेनिंगला बुलढाण्याला आला होता. चहा प्यायला बसलो तर त्याचा चहा निवून गेला तरी तो नुसता कप फिरवत होता. शेवटी म्हणाला, "मॅडम, एक गोष्ट सांगाची राह्यली. तुम्ही रागावसान."

मग त्यानं सांगितलं. नऊ डिसेंबरला, मी वर असताना, सबस्टेशनला तीन फोन आले. तिन्ही तुमचे.

पहिला, "लाईन सोड." तो म्हणाला, परमिट आहे साहेब. दुसऱ्या वेळी तुम्ही विचारलं, कोणाचं परमिट? त्यानं सांगितलं, जे. बी. गावंडे. तुम्ही म्हणालात, "असंल कोणी. त्याले म्हणा उद्या कर. आमचे गहू सुकून राह्यले." तिसऱ्या वेळी मागं माणसांचा आवाज येत होता. म्हणजे ओसरी भरलेली होती आणि स्पीकर चालू होता. तुम्ही म्हणालात, "तुले नोकरी करायची हाये का नाई बे? माही पावर तुले माहीत नाई."

प्रसेनजितचं वय सव्वीस. घरात कमावणारा तो एकटा. तो तुम्हाला म्हणाला, "वर माणूस हाये साहेब. तुम्ही काय, माहा बाप आला तरी नाई सोडत." आणि रिसीव्हर टेबलावर काढून ठेवला. मला म्हणाला, "मॅडम, मंग मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो. हातायचा भरवसा नव्हता."

अकरा हजार व्होल्ट असतात बाबा त्या तारेत. खाली अर्थिंग टाकलेलं असतं, पण त्याच्यावर विसंबायची वेळ आली तर पुढं काय झालं ते सांगायला माणूस उरतोच असं नाही.

मी वर आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं. ते मला कळतं. मीच सांगितलं होतं ऑफिसात आहे. कालपासून मी तुमच्या बाजूनं हेच बोलते आहे, स्वतःशीच. भात टाकताना बोलले, कपडे धुताना बोलले. पण एका ठिकाणी येऊन अडकते. मी नसेन, पण वर कोणीतरी होतं ना, बाबा?

सिंधूताईंनी विचारलं, "काऊन गं माय, आज जेवत नाई?" मी म्हटलं, बाबांची पावर पाहिली. त्यांना काही कळलं नाही. त्यांनी कपाळाला हात लावून ताप बघितला.

मला राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही. फॉर्मवर मी देऊळघाट लिहिणार.

जयमाला


देऊळघाट
शुक्रवार, २१ फेब्रुवारी

बाबा,

मागच्या पत्रातला नमस्कार आणि आजचा, दोन्ही घ्या.

काल प्रकटदिनाला सिंधूताईंबरोबर शेगावला गेले होते. तुम्ही दरवर्षी जाता हे माहीत होतं. तुम्ही दिसू नये असंही वाटत होतं आणि एसटीतून उतरल्यापासून प्रत्येक पांढऱ्या टोपीखाली डोकावतही होते. दहा-बारा परक्या म्हाताऱ्यांनी माझ्याकडे संशयानं बघितलं. सिंधूताई म्हणाल्या, "दर्शन महाराजायचं घ्याचं हाये, टोप्यायचं नाई."

आणि महाप्रसादाच्या रांगेत तुम्ही दिसलात. नवीन चष्मा छान दिसतो. तुम्हीही मला पाहिलं.

बाबा, तुमचा राग मला पाठ आहे. मान वर, मिशी वर, नजर समोरच्याच्या कपाळावर. माझ्या चौथीच्या निकालापासून मी तो बघत आले आहे. काल तुम्ही मान खाली घातलीत. मग पुढच्या जाड्या माणसाच्या मागं सरकलात. तो हलला की तुम्ही हलत होता. एवढा सहा फुटी माणूस, ज्याच्या एका खाकरण्यावर गावातली कुत्री उठतात, तो पोरीला घाबरून लपतोय! मला आधी इतकं हसू आलं की सिंधूताईंनी चिमटा काढला. आणि हसता हसता डोळे भरून आले. रागावलेला माणूस मान खाली घालत नाही, हे मला तिथं कळलं. अडीच महिने मी भलत्याच गोष्टीची माफी मागत होते आणि तुम्ही भलत्याच गोष्टीचा राग दाखवत होता.

तेवढ्यात आई बायकांच्या रांगेतून निघून माझ्याकडे आली. तिनं सगळं सांगितलं. त्या दिवशी संध्याकाळी, मी यायच्या आधी, कडूबाकाका आपल्या दारावरून गेले. त्यांना फोनबिन काही माहीत नव्हतं. ते कौतुकानं म्हणाले, "भगवानराव, पेढे काढा. तुमच्या पोरीनं आज आपल्या नावानं परमिट घेतलं. सव्वादोन तास वर होती. वाघीण हाये, वाघीण!" आई म्हणते, तुम्ही होता तिथंच खाली बसलात. आणि मी घरात शिरले तशी भिंतीकडे वळलात.

"ते रागावले नाईत माय," आई म्हणाली. "ते भेले. तुले कळलं तं तू त्याह्यचं तोंड पाह्यणार नाईस असं वाटते त्याह्यले. तिसरं पत्र खिशात घेऊन फिरून राह्यले. धुवाले टाकलेल्या सदऱ्यातूनही काढून घेतलं."

मी तोंड पाहिलं ना काल. मुद्दाम शोधून पाहिलं. आवडलं.

मी लिहिलेलं मागं घेत नाही, कारण ते खरं आहे. पण त्या दिवशी ऑफिसात आहे असं सांगून गेले नसते, तर तुम्ही तो फोन हातात धरला नसता, हेही खरं आहे. आपण दोघांनीही एकमेकांना फसवून ठेवलं होतं आणि मधे तो बिचारा प्रसेनजित हात मांडीखाली घेऊन बसला.

आता माझं एक ऐका. तुम्ही बोलत नाही तोवर मला तुम्हाला माफसुद्धा करता येत नाही. भिंतीला कसं माफ करायचं? फॉर्म अजून भरलेला नाही. परवा पेन उघडून बसले होते, देऊळघाटमधला 'दे' लिहिला आणि पेन बंद केलं. साहेब म्हणतात अठ्ठावीसला दुपारपर्यंत द्या. मला मोठं पत्र नको, कारण नको, एक शब्द हवा. ये म्हणा किंवा राहा म्हणा. काहीही म्हणालात तरी तुमची पोरगीच आहे, पण ये म्हणालात तर जास्त आवडेल.

छकुली


गावावरून
दि. २५ फेब्रुवारी

चि. छकुलीस,

आशीर्वाद. उद्या शिवरात्र हाये, टपाल बंद. कडूबा परवा बुलढाण्याले जाऊन राह्यला, त्याच्यापाशी देतो. शाळा सुटल्यापासून पत्र लिहिलं नाई. हा तिसरा कागद हाये, दोन फाडले. तुही माय म्हणते, बोलता तसंच लिहा, म्हणून तसंच लिहून राह्यलो.

फोन मीच केला. तीन डाव केला. सबस्टेशनवरचा पोट्टा म्हणला, जे. बी. गावंडे, मी म्हटलं असंल कोणी गावंडे. आपल्या पोरीचं नाव जयमाला हाये, अन मधातला 'बी' मीच हावो, हे मले समजलं नाई. छकुली, छकुली करत चोवीस वर्षं गेली.

कडूबा पेढे मागाले आला तवा समजलं, तो गावंडे कोण ते. मंग तू आली. डोक्याले धूळ, हातात पेढ्याचा पुडा. मी तुह्याकडे पाह्यलं असतं तं रडलो असतो, म्हणून भिंतीकडे पाह्यलं. लोकायले सांगतलं की आकडा काढला म्हणून राग हाये. ते सोपं पडलं. आकड्याचा राग मले दोन दिसही पुरला नाई. खरं सांगतो, गाठ तू चांगली सोडवली, ट्यूब फाटू देली नाई.

तू लिहिलं, वर कोणीतरी होतं ना. ते मी लई डाव वाचलं. अगोदर मी महाराजायले म्हणत होतो, बरं झालं पोरगी वाचली. मंग मनात आलं, पोरगी नसती, दुसरा कोणी असता, अन त्या पोट्ट्यानं लाईन सोडली असती, तं? मले कळलंही नसतं कोण गेलं ते. गहू भिजले असते अन मी मिशी पुसली असती. पंधरा-वीस वर्षं मी तो फोन करून राह्यलो. कवा कोण वर होतं, मी एकदाही इचारलं नाई.

शनवारी लाईन गेली. सारे ओसरीवर आले. मी फोन लावला. स्पीकर लावा म्हणे, लावला. म्या इचारलं, "वर कोण हाये?" पोट्टा घाबरला. म्हणे कडूबा हाये साहेब, परमिट हाये साहेब, नाई सोडू शकत साहेब. म्या म्हटलं, "नको सोडू. त्याचे गुडघे दुखतात, त्याले सावकाश उतरू दे. मंग सोडजो." अन फोन ठेवला. हिंमतराव म्हणे, "भगवानराव, तुमची पावर गेली." म्या म्हटलं, "हाव, गेली. चहा घ्या." दोघं-तिघं उठून गेले. बाकीच्यायनं चहा घेतला.

काल सबस्टेशनवर गेलो. तो पोट्टा मले पाहून उभा राह्यला. म्या म्हटलं, बस बे, आज मी उभा राह्यतो. हात जोडले त्याले. त्याच्या डोयात पाणी आलं, माह्याही. मंग दोघंही उगीच रजिस्टर पाहत बसलो. त्यात तुहं नाव पाह्यलं. अक्षर चांगलं हाये त्याचं.

नाल्याच्या मोटरीसाठी कनेक्शनचा अर्ज देला. साहेब म्हणे येळ लागंल. म्या म्हटलं लागू द्या.

खांबावर चढू नोको म्हणलो होतो, तो शब्द मी परत घेतो. पण खोटं सांगून जाऊ नोको. वर जाशील तं वर जातो म्हणून सांग. तुही माय देवाले दिवा लावंल, मी गप राहीन.

तू एक शब्द मागतला. ये.

आल्यावर पहिलं परमिट घेशील त्या दिवशी मले अगोदर सांगजो. मी सबस्टेशनच्या गेटाबाहेर येऊन बसतो. लाईन सोड म्हणून कोणाचा फोन आला, तं त्या पोट्ट्यानं तो मले द्यावा. मंग पाहतो मी, कोणाची किती पावर हाये ते.

तुहा बाप
भगवानराव